गाळलेले पान

महाड,
रविवार, २४ नोव्हेंबर २००२

प्रिय अनुपमा,

सप्रेम नमस्कार.

अठरा वर्षांच्या मौनानंतर एकेरी संबोधनाचा हक्क उरतो का, हे मला ठाऊक नाही; सवयीने ते वापरत आहे. माझी प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. निवृत्तीनंतर मी महाडला स्थायिक झालो, हे तुझ्या कानी आले असेलच. सकाळी दोन तास रुग्ण तपासतो आणि दुपारी आमच्या वैद्यकशिक्षक संघाचा पत्रव्यवहार पाहतो. संघाचे वार्षिक अधिवेशन यंदा ७ व ८ डिसेंबरला येथेच भरत आहे. कार्यक्रमपत्रिकेची मुद्रिते मी स्वतः तपासली, तरीही दोन अनुस्वार निसटलेच. येणाऱ्यांच्या यादीत तुझे नाव वाचले. वीर रेल्वे स्थानकावर रिक्षांची व्यवस्था केली आहे. पहाटे गारठा असतो, शाल आणावीस.

येथवर लिहून मी पेन खाली ठेवले होते. आता पुढचे लिहितो.

संघाचा कार्यवाह आमोद, येथीलच तरुण डॉक्टर, पंधरवड्यापूर्वी एक पाकीट देऊन गेला. दुसऱ्या दिवशीची निदानचर्चा मी करावी, असा संघाचा आग्रह आहे. पद्धत तीच, जी मी तुम्हांला शिकवली: रुग्णाचे नाव झाकायचे, लक्षणे आणि तपासण्या तेवढ्या द्यायच्या, आणि उत्तर ठाऊक नसलेल्या वक्त्याने सर्वांसमक्ष विचार करीत निदानापर्यंत जायचे. शवविच्छेदनाचा अहवाल अगदी शेवटी उघडायचा.

पाकिटातल्या कागदावरचा रुग्ण मी दुसऱ्या ओळीतच ओळखला. चौतीस वर्षांची शेतकरी स्त्री, डोंगराळ भागातून आलेली. चार महिन्यांपासून पोट आणि पाय सुजलेले. यकृताचा विकार समजून उपचार. आणि त्यापुढे ते वाक्य: ‘उठून बसवल्यावरही मानेच्या शिरा फुगलेल्या, श्वास आत घेताना अधिकच.’ रुग्णालयाच्या केस पेपरात हे वाक्य नाही. ते एकाच पानावर होते, तिला तपासून तू प्रथम लिहिलेल्या पानावर, आणि ते पान तुझ्याकडे होते.

म्हणजे हे रुग्णवृत्त तू पाठवलेस. चर्चा कोण करणार हे ठाऊक असताना पाठवलेस की नसताना, या विचाराने पंधरा दिवस अन्न गोड लागलेले नाही.

काल आमोद पुन्हा आला. “सर, तयारी कसली करताय? तुम्ही तर डोळे मिटून सांगाल!”

“माझ्याऐवजी दुसरे कोणी पाहा,” मी म्हणालो.

“आता? पत्रिका छापून झाल्या, सर. तुम्हीच तपासल्यात!”

दाराला कडी लावून मी एकदा भाषण म्हणून पाहिले. मानेच्या शिरांवरून हृदयाकडे, हृदयावरून त्याभोवतीच्या आवरणाकडे: चाळीस मिनिटांत निदान सुरेख उलगडले. सभागृह टाळ्या वाजवील. मला त्याचीच भीती वाटते.

अठरा वर्षांपूर्वी वॉर्डात तुझे ते पान मी सर्वांसमोर परत केले. “एवढी खाडाखोड? स्वच्छ लिहून आण, आणि खात्री नसेल ते गाळ.” तुला खात्री होती, मला नव्हती, कारण मी त्या बाईला उठवून बसवलेच नव्हते. तू गाळलेस. मी सही केली. नवव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात हृदयाभोवतीचे आवरण चुन्यासारखे कठीण झालेले आपण दोघांनी पाहिले. वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती, तर ती वाचण्याची शक्यता होती. बाहेर आल्यावर तू विचारलेस, “सर, ते पान माझ्याकडे आहे. लावू का?” मी म्हणालो, “केस पेपर पूर्ण झाला आहे.” विभागाच्या मासिक सभेत ती केस मी येऊ दिली नाही.

तिचे नाव रंगूबाई. तिचा नवरा येसाजी पोलादपूरच्या वरच्या वाडीत राहतो. शवविच्छेदनाला त्यानेच अंगठा दिला होता: “दुसऱ्या कुनाला तरी उपेग व्हईल.” मी महाडला आल्यापासून तो दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतो आणि नाचणीचे पीठ ठेवून जातो. “घ्या ओ, डॉक्टर. रंगूला तुमी लय जपलात.” सहा वर्षे मी ते पीठ घेत आलो आहे.

उद्या त्याचा येण्याचा दिवस आहे. सभागृहाला सांगण्यापूर्वी त्याला सांगितले पाहिजे. हे पत्र तोवर बंद करत नाही.

सोमवार, दुपार

सांगितले. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“मंग कुनालाच कळलं नव्हतं?”

“एका मुलीला कळले होते. शिकाऊ डॉक्टर होती. मी तिचे ऐकले नाही.”

“ती हाय अजून?”

“आहे. इथे येणार आहे.”

“मंग मी पन येतो. मागं बसंन. तिच्या तोंडून आयकायचं हाय मला. तुमच्या नाय.”

गोळ्या त्याने घेतल्या नाहीत. पिठाची पिशवी उचलली, पायरीपर्यंत गेला, आणि काय वाटले कोण जाणे, ती पायरीवरच ठेवून निघून गेला. मी अजून ती आत आणलेली नाही.

म्हणून ही विनंती. ८ तारखेला मी उभा राहीन आणि निदान करणार नाही. रुग्ण माझा होता, एवढेच सांगेन. त्यानंतर तू ते पान वाच: मूळ पान, खाडाखोडीसह. मोठ्याने वाच; येसाजीला उजव्या कानाने कमी ऐकू येते. मला क्षमा करण्यासाठी येऊ नकोस. त्याच्यासाठी ये.

या पत्रातही चार ठिकाणी खाडाखोड झाली आहे. ते मी स्वच्छ लिहून काढणार नाही.

तुझे पान परत करणारा,
चिंतामणी