डावीकडे बघणारे गणपती

१४ जून, शनिवार
पेणजवळच्या हमरापूरहून, गणपतीच्या कारखान्यातून दादाचा फोन. सायलीचा रिपोर्ट आला. मेंदूत गाठ. दादा 'गाठ' एवढंच म्हणाला. पुढचा शब्द मी विचारला नाही.

दादाची तेवीस वर्षांची पोर. वहिनी गेल्यावर निम्मी माझ्याकडे, इथे रोह्यातच वाढलेली.

दादा रडत होता ते वेगळ्याच गोष्टीवर. मे महिन्यात एका व्यापाऱ्याने सा.ने डोळे आखलेल्या मूर्ती परत पाठवल्या होत्या. नजर डावीकडे जाते म्हणून. दादा तिला अख्ख्या कारखान्यासमोर बोलला होता, "मोबाइल बघून बघून डोळे गेलेत तुझे."

आणि मी? गेल्या वर्षी माझ्या घरचा गणपती दाराकडे बघत होता. मी सगळ्यांना हसून सांगत होते, बाप्पा पाहुण्यांची वाट बघतोय. तिनेच आखलेला.

२२ जून, रविवार
पेणला जाऊन आले. ऑपरेशन, मग रेडिएशन. मुंबईच्या डॉक्टरांनी चौदा लाख सांगितलेत. सरकारी योजनेतून काही मिळतील, कागद फिरतायत. दादाकडचं सगळं या सीझनच्या मातीत आणि रंगात अडकलंय, गणपती झाल्याशिवाय सुटत नाही.

आजूबाजूचे कारखानदार संध्याकाळी जमले. प्रत्येकाने एकेक मूर्ती द्यायची, रंगवलेली, फक्त डोळे सोडून. एकतीस झाल्या. पेणमध्ये गणपती कोण विकत घेणार, म्हणून रोह्यात माझ्याकडे विकायच्या.

सा. कोपऱ्यातून म्हणाली, "डोळे मी करणार."
सगळे दादाकडे बघायला लागले. दादा म्हणाला, "तूच कर गो. तुझ्यासारखा हात हाय कोणाचा?"

३ जुलै, गुरुवार
दोन दिवस पेण. ती आखत होती, मी चहा देत होते. पहिला डोळा सुरेख. दुसरा किंचित वर, बुबुळ डाव्या कोपऱ्यात. तिने मान मागे घेऊन बघितलं. "कसा झालाय, आत्या?"

"छान."

पलीकडून दादाही, "मस्त झालाय."

कॉन्व्हेंट शाळेतली सिस्टर आठवली, भरतकामाची. तिच्यापुढे रुमाल धरला की बोट नेमकं वाकड्या टाक्यावर. "पुन्हा." मी उसवत बसायची, रडत. तिचा केवढा राग यायचा. बोर्डिंगातल्या सगळ्या मुली तिला घाबरत.

मी एकाही मूर्तीवर म्हटलं नाही, "पुन्हा."

१९ जुलै, शनिवार
टेम्पो आला. एकतीस गणपती माझ्या पुढच्या खोलीत. सलमा मदतीला. शाळेपासूनची माझी मैत्रीण, रस्त्यापलीकडेच घर, दोन्ही मुलगे कुवेतला, घरात एकटी. दारात उभी राहून किती वेळ बघतच राहिली.

"विद्या, हे सगळे माझ्याच घराकडे का बघतायत गो?"

मी हसले.

मुलग्यांनी त्यांच्या कंपनीतल्या लोकांकडून पैसे जमवून पाठवलेत म्हणाली. कोणी किती दिले, ती यादीही दाखवली. कोकणातली नावं, केरळची, बिहारचीसुद्धा.

२७ जुलै, रविवार
सलमा दारोदार जाते, मी नुसती मागे. ती म्हणते, "तू अजून कॉन्व्हेंटातल्यासारखी मागतेस. 'आपल्याला त्रास नसेल तर.' त्रास आहे म्हणून तर मागतोय आपण!" पुढे म्हणाली, "मी गणपती विकतेय हे अब्बांना कळलं असतं तर त्यांनी आधी भाव विचारला असता."

आज सात घरं आली. सातही जणांनी पैसे दिले. बँकेतल्या बाईंनी मूर्ती उचलली, खिडकीपाशी नेली, परत ठेवली. "ताई, पैसे ठेवा. मूर्ती राहू दे. आमच्यात ठरलेल्या माणसाकडूनच येते."

सातांत मूर्ती एकच गेली. तीही एका आजोबांनी नेली, ज्यांना दिसत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
पैसे येतायत, मूर्ती जात नाहीत. वाईट कुणी बोलत नाही, तेच लागतं. एकजण तर पाया पडून गेला, मूर्तीच्या नव्हे, माझ्या.

साडेआठ लाख झाले. माझी ठेव मोडली ती धरून. योजनेचे कागद परत आले, सही दुसऱ्या रकान्यात हवी होती.

सा.चा फोन. "आत्या, किती गेले?"
"अगं, सगळे गेले. पुरले नाहीत."
"खरं?" कितीतरी वेळ हसत होती. "मग चतुर्थीला सगळ्यांकडून फोटो मागव. मखरात बसलेले बघायचेत मला. माझे एकतीस."

फोन ठेवला आणि खोलीत गेले. तीसजण तिथेच.

१४ ऑगस्ट, गुरुवार
डॉक्टरांनी तिला डोळ्यावर लावायची पट्टी दिली. चक्कर कमी होईल म्हणे. गाठ आधी वाटली त्यापेक्षा खोल आहे. सगळी काढता येणार नाही. "जेवढी निघेल तेवढी." दादाने हे मला कारखान्याच्या मागे नेऊन सांगितलं. तिला सांगितलेलं नाही. आम्ही तिला काहीच सांगत नाही हल्ली.

योजनेचे धरूनही अडीच लाख कमी आहेत. तरी सोमवारी २५ ला दाखल व्हा म्हणालेत, बाकीचे आठवड्यात भरायचे. कुठून, ते...

२२ ऑगस्ट, शुक्रवार
सा. उद्या येतेय. दाखल व्हायच्या आधी दोन दिवस आत्याकडे राहायचंय.

दिवसभर मी आणि सलमाने गणपती हलवले, रस्ता ओलांडून, एकेक, पदराखाली धरून. ईदच्या ठेवणीतल्या चादरी काढल्या तिने, त्यांवर मांडले, वरून झाकले. पाय दुखायला लागले तशी मटकन बसली. "चार दिवस पाहुणे आहेत. ओरडू नको, मी त्यांना मटण घालणार नाही."

एक मात्र घरीच ठेवला, माझा म्हणून.

२४ ऑगस्ट, रविवार
जेवल्यावर सा. पुढच्या खोलीत गेली. मी भांडी तशीच टाकून तिच्यामागे गेले. गणपतीपुढे मांडी घालून बसली होती, पट्टी लावलेली, एका डोळ्याने बघत. बराच वेळ.

"हा डावीकडे बघतोय."

मी ओले हात पदराला पुसत राहिले.

"सगळेच असे होते ना?"

आयुष्यभर खोटं बोलले नाही असं मी मिरवत आले.

"मला तेव्हा दोन दोन दिसायचं, आत्या. दोन सोंडा, चार डोळे. मी अंदाजाने मधलं धरायची. पट्टी लावल्यावर कळलं, एक डोळा मिटला की एकच दिसतं." पट्टी बोटाने चाचपली. "तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, वाकडं आहे. मी उपाय शोधला असता. एक डोळा मिटून एकतीसच्या एकतीस सरळ केले असते."

रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "कुठे आहेत?"
"सलमाकडे."
"झाकलेत?"
"चादरींनी."
हसली थोडी. "रंग दे. पिशवीत आहेत माझे."

जुने डोळे पांढऱ्याने बुजवले. वाळेपर्यंत माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. गाठ कुठल्या बाजूला असेल, हात कुठे ठेवू, कळेना. मग उठून उजवा डोळा आखला. एका रेषेत. समोर बघणारा. माझ्याकडे.

"कसा झालाय?"
मी चष्मा पुसून नीट बघितला. "खालची पापणी जराशी जाड."
"हं," म्हणाली, आणि पुसून पुन्हा केली.

डाव्या डोळ्याला रेषा घसरली. दोनदा प्रयत्न केला. ब्रश पाण्यात ठेवला. "हा मी परत आल्यावर."

२७ ऑगस्ट, बुधवार, चतुर्थी
पाटावर सुपारी मांडून पूजा केली. एका डोळ्याची मूर्ती पुजता येत नाही. शेजारी ठेवलीय, झाकली नाही.

दादाचा फोन, हॉस्पिटलमधून. ऑपरेशन परवावर गेलं. पैसे अजून कमीच. तिला विचारलं, काय सांगू आत्याला, तर म्हणाली, ब्रश सुकू देऊ नको.

सकाळी पाणी बदललं. आता पुन्हा बदलते.