तीन आणि चार नंबरचा डोळा

अण्णा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले की तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून रंग कालवत असायचात. आईच्या चहाच्या पाच बश्या ओळीने मांडलेल्या. पहिलीत लालभडक, शेवटच्या बशीत जवळजवळ पांढरा, आणि मधल्या तिन्हींत गुलाबी हळूहळू उतरत गेलेला. आई म्हणायची, "आता चहा काय ओंजळीत प्यायचा?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "बश्या धुऊन देतो की." धुवायची मात्र मी. म्हसवडच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही मलमपट्टी करणारे ड्रेसर होतात. मेंढीच्या पोटात जंत वाढले की ते रक्त पितात आणि तिच्या खालच्या पापणीच्या आतला रंग उडत जातो, हे धनगरांना दाखवायला तुम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर डोळे रंगवले होते. एक नंबर लाल, म्हणजे मेंढी ठणठणीत. तीनपर्यंत लक्ष ठेवायचं. चार दिसला की त्याच दिवशी औषध. पाच म्हणजे फार उशीर झाला. वाचता न येणारी माणसं पत्रिकेच्या छापील बाजूवरून नंबर लक्षात ठेवायची. चार नंबर कुणा पाटलाच्या मुलाच्या पत्रिकेवर होता. एक म्हातारा तो हातात घेऊन म्हणाला होता, "त्या लग्नातली आमटी बी अशीच व्हती, रंगच न्हाई." तुम्ही खूप हसलात.

त्या पाटलाच्या पत्रिकेवर पुढे पाणी सांडलं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही दवाखान्यात जाताना सांगितलंत, तीन नंबर फिका झालाय तो गडद कर आणि चार त्याच पत्रिकेवर नवा काढ. मी तीन नंबर केला, बशीत गुलाबी उरला होता, आणि पुन्हा कालवायचा कंटाळा आला. त्याच रंगात चारही काढून मोकळी झाले. संध्याकाळी तुम्ही दोन्ही कार्डं माझ्यापुढे फरशीवर शेजारी शेजारी ठेवलीत. आवाज चढवला नाहीत. "ह्यातली कुठली मरणार, सांग." मला सांगता येईना. "मग धनगराला कसं कळंल?" एवढंच. आणि पुन्हा बशी घेऊन बसलात.

साताऱ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये मला ठेवायला तुम्ही काय काय केलंत ते मला उशिरा कळलं. भेटायच्या रविवारी तुम्ही शेंगदाण्याचे लाडू घेऊन यायचात आणि डबा हातात द्यायच्या आधी अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून बघायचात. एकदा फाटकात सिस्टर आणि वर्गातल्या चार मुली उभ्या असताना तसंच केलंत. "तीन नंबर. पालेभाजी टाकतीस व्हय ताटात?" मी तुमचा हात झटकला आणि म्हणाले, "मी मेंढी नाहीये." मुली हसल्या. तुम्ही अंगठा शर्टाला पुसलात आणि लाडवांबद्दल काहीतरी बोललात. त्यानंतर तुम्ही माझा डोळा कधीच बघितला नाहीत, मी आजारी असतानासुद्धा.

आता मी सांगलीत असते. ऊस तुटला की आमच्यामागच्या शेतात धनगरांची मेंढरं खतासाठी बसायला येतात. त्या धनगरांतल्या एका सुनेच्या आजेसासऱ्यांनी तुमची कार्डं पाहिली होती. तिच्या घरात तुम्हाला अजून 'पत्रिकेवालं डाक्टर' म्हणतात. ती मला म्हणाली, "मावशी, ती डोळं माझ्या फोनात येत्याल का? हातात औषध, काखंत पोर, कार्ड कुठं धरू?" मला फार बरं वाटलं. फ्लॅशकार्डचं एक ॲप असतं, अण्णा. चित्र समोर येतं, आपण मनात उत्तर द्यायचं, मग बोट लावून पडताळायचं; चुकलेलं कार्ड पुन्हा पुन्हा येतं. तुमच्यासारखंच. डोळ्यांची, खुरांची, सुजेची अशा तुमच्या साठ-बासष्ट कार्डांचे फोटो काढले, तर एकेक सहा-सात एमबीचा. तिच्या फोनवर उतरेचना, 'जागा शिल्लक नाही' म्हणे. जागा करायची तर पोराचे व्हिडिओ पुसावे लागले असते, आणि ते मी तिला सांगणार नव्हते.

म्हणून मी शिकले. फोटोंची लांबी-रुंदी कमी केली, तेव्हा सगळा गठ्ठा पाच एमबीवर आला. तेवढं तिच्या फोनला पुरत होतं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, तेवढं पुरत होतं. पण आकडा खाली येताना बघायची मला चटक लागली. प्रत्येक चित्र ठरावीक थोड्याच रंगांत बसवायची एक सोय होती, तीही वापरली. पाचाचा एक एमबीसुद्धा राहिला नाही. मूळ मोठे फोटो ॲपच्या पोटात पडून होते, ते 'न वापरलेले' म्हणून पुसून टाकले आणि मैत्रिणींना फुशारकीने सांगितलं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "मावशी, गाभण मेंढी गेली वं. म्या चार येळा बघितला डोळा. फोनातल्या तिनासारखाच दिसला, म्हून थांबले."

मी म्हणाले, "तुझ्या फोनचा पडदा जुना आहे गं, रंग नीट दिसत नसतील."

"व्हय," ती म्हणाली, "दोनदा पडलाय त्यो." आणि वर मलाच म्हणाली, "तुमी नका वाईट वाटून घिऊ."

फोन ठेवल्यावर मी माझ्या चांगल्या फोनवर तीन आणि चार शेजारी धरले. एकच गुलाबी. तुमची फरशी आठवली. दुसऱ्या दिवशी कार्डं खिडकीत उन्हाला मांडून नव्याने फोटो काढले, फक्त लांबी-रुंदी कमी केली, आणि गठ्ठा तिला पाठवला. सोबत लिहिलं, 'आता आणखी छान केलंय.' आणखी छान, असं लिहिलं मी. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

कार्डं आवरताना आरशापुढे उभी राहिले आणि अंगठ्याने माझी पापणी ओढून पाहिली. तीन नंबर, अण्णा. तुमचा हात तेव्हा गार असायचा, तो का झटकला असेल मी.

माझ्यामागे काय करायचं ते मुलीसाठी एका कागदावर लिहून ठेवलं आहे. बश्यांतली एक उरली आहे, कडेला टवका गेलेली. ती तिने ठेवावी. खुरांची आणि सुजेची कार्डं म्हसवडच्या दवाखान्यात द्यावीत, घेतली तर. डोळ्यांची पाचही त्या सुनेला द्यावीत, पाटलाच्या पत्रिकेवरचा तुम्ही नव्याने काढलेला चारसुद्धा. आणि देताना तिला सांगावं की तुझ्या फोनमध्ये काही खोट नव्हती. तिची मेंढरं अजून मागच्या शेतातच आहेत, माझ्या गच्चीवरून दिसतात. तरी हे वाक्य मी मुलीच्या कागदात लिहिलं आहे.