बाळंतिणीच्या खोलीतली भेग

ता. ४ फेब्रु., मंगळ.

परभणीहून आलं ते: डिंक अर्धा किलो ४२०, खारीक एक किलो २४०, खोबरं दोन किलो ४६०, अळीव पाव किलो ५०, जायफळं दोन २०. तूप-गूळ घरचं. डिंक फार महाग लागला. यांना तसं म्हटलं तर म्हणाले, "लेकीच्या लाडवाचा बी हिशेब लिवतीस का?" लिहिते. तिच्या बारशाचाही लिहिलेला आहे.

सुषमाला सातवा लागला. पौर्णिमा झाली की हे पुण्याला जाऊन तिला घेऊन येणार. विहीणबाईंनी परवाच फोनवर होकार दिला. पहिलं बाळंतपण माहेरीच, आमची ना नाही, म्हणाल्या. मागची मातीच्या माळवदाची खोली सारवून काढली. सासूबाईंची सगळी बाळंतपणं तिथं, माझंही तिथंच. वैशाखात बाहेर आग पडली तरी आत गार. भिंतीला एक भेग आहे, मागच्या साली शेजारी बोअर मारली तेव्हाची, बोट जाईल एवढी. तिच्यावर नवं कॅलेंडर टांगलं. सु.च्या तारखेला कुंकवाची टिकली लावून ठेवली.

ता. ५, बुध.

सकाळी देवापुढं बसले होते. समईची ज्योत हलली. वाटलं, उसाची ट्रॉली चालली गंगाखेडला. पण आवाज रस्त्यावरून नव्हता, खालून होता, कुणी जमिनीच्या पोटात जातं ओढावं तसा. फळीवरचा तांब्या घरंगळून खाली आला. नामाचा एक मणी सरला असेल नसेल, तोवर थांबलंही. पोथी मिटून अंगणात आले तर अख्खी गल्ली अंगणात.

यांच्या चुलत आत्या सगळ्यांच्या आधी बाहेर उभ्या. आत्याबाईंचं अंथरूण बारा महिने पुढच्या पत्र्याच्या खोलीतच असतं. आमच्याकडं राहायला आल्या तेव्हापासून माळवदाखाली पाठ टेकली नाही त्यांनी. पत्रा तापला तर अंगणातल्या लिंबाखाली, थंडीत दोन वाकळा, पण आत नाही. आम्ही सगळे हसतो. आज नुसत्या वर बघत होत्या.

गावात कुणाचं काही गेलं नाही. एका वगारीनं दावं तोडलं, तेवढंच. नरसिंहाची कृपा. सु.ला कळवलं नाही, तिच्या जिवाला घोर कशाला.

ता. ६, गुरु.

टीव्हीवाले आले. तिघं जण, गाडीवर मोठी छत्री. शाळेपाशी गेले, पाराजवळ गेले, काही सापडेना. गल्लीतल्या बायकांना म्हणाले, कालच्यासारख्या घरातून पळत बाहेर या. शेजारची पारूबाई म्हणाली, "काल मी पळालेच न्हाई बाबा, भाकर तव्यावर व्हती." सगळे हसले. तरी दोघी पळाल्या. एकीनं आधी साडी बदलली.

मग आमच्या दारात. उन्हातून आलेले, पाणी दिलं, चहा टाकला. माईकवाला ओट्यावर बसला. "मावशी, सकाळपासून फिरायलोय, दाखवायला काहीच न्हाई. तुमच्याकडं काही पडलं-झडलं?" तोंड अगदी उतरलेलं. दारात आलेला माणूस रिकाम्या हातानं कसा लावून द्यायचा? तांब्याला पोचा आलाय तो दाखवला. तेवढ्यानं त्याचं भागेना. म्हटलं, आत एक भेग आहे.

आणि कॅलेंडर मीच काढलं. यांनी नाही, कुणी नाही. मीच.

ती जुनी आहे, हे पुढचं वाक्य होतं. तोंडात होतं. पण चहा उतू गेल्याचा वास आला नि मी धावले. कप घेऊन आले तोवर वायर गुंडाळत होते. तेव्हा सांगितलं की बोअरची आहे बरं का ती. माईकवाला म्हणाला, "असू द्या मावशी. चहा झकास झाला."

ता. ७, शुक्र.

सकाळपासून टीव्हीवर आपलंच गाव. 'भूकंपानं भिंती फाटल्या.' भेग इतकी जवळून घेतली की बोटाएवढीची हाताएवढी दिसायला लागली. वर लाल बाण, मागं धाडधाड वाजवणं. मग मी. "आत एक भेग आहे" एवढंच म्हणते नि गप्प होते. मग पुन्हा पळणाऱ्या दोघी. मग पुन्हा मी. यांनी मोजलं, जेवणापर्यंत अकरा वेळा.

हे म्हणाले, "शेताकडच्या पांदीच्या रस्त्यासाठी चारदा अर्ज दिले, तवा कुणी फिरकलं न्हाई. तांब्या पडला तर गाडी आली."

दुपारी विहीणबाईंचा फोन. नेहमी आधी ख्यालीखुशाली विचारतात. आज एकदम: "सुषमानं ओळखली ती खोली. तिथंच ठेवणार होता ना तिला?" म्हटलं, अहो, भेग जुनी आहे, बोअरच्या वेळची. "मग टीव्हीवर तुम्हीच दाखवत होतात ना?" त्यांच्या घरातही तीच बातमी लावलेली. फोनमधून माझाच आवाज मला ऐकू आला, आत एक भेग आहे.

म्हणाल्या, "राग मानू नका. पण मी माझी सून फाटक्या घरात पाठवणार नाही. इथं दवाखाना आहे, आम्ही करू सगळं."

नंतर सु. आली फोनवर. आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, "आई, मला यायचंय गं. पण आता मलाही भ्या वाटायलंय."

ता. ८, शनि., एकादशी

उपास. जपात मन नाही, माळ दोनदा मध्येच विसरले. खोटं बोलले नाही, असं मनाला सांगते. पण खरं अर्धंच सांगून उठले, आणि त्या अर्ध्यावर लेकीचं माहेरपण अडलं. देवाला हे कसं सांगायचं.

टीव्ही अजून तेच. हे चिडले. "बंद कर ते. एवढ्याश्या हलण्याला किती दळायलेत! ना कुणी मेलं, ना कुणाचं घर पडलं. लोकाच्या लेकीबाळीचं वाटोळं करायलेत नुसतं." मलाही तसंच वाटलं. उठले बंद करायला.

आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे चालू."

"तुला काय करायचंय आत्या त्याचं?"

"राहू दे म्हनलं ना. वरडू दे त्यास्नी."

यांनी माझ्याकडं बघितलं. टीव्ही चालूच ठेवला. आत्याबाई जेवल्या नाहीत. त्यांना तर एकादशी नसते.

ता. १०, सोम.

तूर पाखडत बसलो होतो, मी नि आत्याबाई. मीच विषय काढला. म्हटलं, त्या बातमीनं माझी लेक अडकली पुण्याला, आणि तुम्ही म्हणता चालू ठेवा. सूप हातातच ठेवून बोलल्या. त्यांचं माहेर किल्लारीकडचं, हे माहीत होतं. आई-भाऊ त्या भूकंपात गेले, हेही माहीत. त्यापुढचं कधी बोलल्या नव्हत्या. आम्हीही विचारलं नाही.

जसं म्हणाल्या तसं उतरवते.

"मोठा यायच्या आदी लय दिस जमीन गुरगुरायची. भांडी वाजायची. मी माहेरी गेले की आय म्हनायची, आता सवय झाली बघ, पोरं बी उठत न्हाईत. लोकं भिऊन बाहेर निजले, मग कटाळून आत गेले. तवा कुनी माईकवाला आला न्हाई आमच्या दारात. मोठा झाला, मग आले. गाड्याच गाड्या. तवा दाखवाया माझी आय कुठं व्हती?"

सुपातला खडा वेचून टाकत: "भेग बिग काय न्हाई गं. आमच्या घराला येक भेग नव्हती. दगडाच्या भिंती, ह्या एवढ्या रुंद. वरून माळवद बसलं. माती."

मी वर बघितलं. बत्तीस वर्षं या घरात आहे. दरवर्षी पावसाआधी वर पांढरी माती टाकतो, गळू नये म्हणून. टाकतच आलो. काढली कधीच नाही.

त्या कधी आत का निजल्या नाहीत, ते आज कळलं. आणि आम्ही हसत होतो.

ता. १२, बुध., पौर्णिमा

आज सु. निघायची होती. त्याऐवजी आम्ही दोघं पोखर्णीला जाऊन आलो. नरसिंहापुढं उभं राहून काय मागावं सुचेना. ती यावी म्हणून मागू, की न यावी म्हणून? दोन्हीतलं काहीच मागितलं नाही. नारळ ठेवला, आलो.

आल्यावर हे शिडी लावून वर चढले, धुराड्याजवळ पहारीनं खोदून बघितलं. खाली उतरले, पहार भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "दीड हात माती हाय वर." हातपाय न धुता तसेच ओट्यावर बसून राहिले.

टीव्हीवर आता आपलं गाव नाही. दुसरंच कायतरी लागलंय, तेवढ्याच जोरात.

मी दोन दिवस हेच घोळवते आहे. हे म्हणतात ते खरं, एवढ्याश्या धक्क्याला एवढा गोंधळ नको होता. आत्याबाई म्हणतात तेही खरं, एवढासा म्हणून सोडला तर... पण अकरा वेळा भेग दाखवली, एकदाही कॅमेरा वर केला नाही. माती उतरवा, माळवदाखाली निजू नका, जड भांडी फळीवर ठेवू नका, हे कुणी चुकूनही म्हटलं नाही. एवढं एकदा म्हटलं असतं तरी सगळ्या गावाच्या कामी आलं असतं. त्यांना काय नावं ठेवू? त्यांना भिंतीकडं मीच नेलं. वर मीही बघितलं नव्हतं.

ता. १३, गुरु.

पुढची पत्र्याची खोली रिकामी केली. आत्याबाईंनी स्वतः त्यांचं अंथरूण एका अंगाला सरकवलं. म्हणाल्या, "हितं तिची बाज. मी तिच्या पायथ्याला." पत्र्यावर उसाचं पाचट टाकून वर बारदान, रोज दुपारी पाणी मारायचं, म्हणजे उन्हाळ्यात तापणार नाही. यांनी बाज विणायला घेतली. तारखेचं काही नक्की नाही तरी विणत होते.

विहीणबाईंना फोन केला. मागं टीव्ही मोठ्यानं. मी खोली बदलल्याचं सांगायला लागले, त्यांना ऐकू येईना. दोनदा "काय?" म्हणाल्या. तिसऱ्यांदा मीच नंतर बोलते म्हटलं. फोनवर मला नेहमी अर्धंच जमतं. माईकपुढं जमलं नाही, फोनवर जमत नाही. लिहिताना मध्येच चहा उतू जात नाही.

ता. १५, शनि.

लाडू वळले. साठ झाले, दोन फुटले. फुटलेले आत्याबाईंना नि यांना.

पत्र लिहिलं. आज पोस्टात टाकते. नक्कल इथं ठेवते:

"विहीणबाईंना सप्रेम नमस्कार. आमच्याकडं सगळे बरे आहेत. हे पत्र मी एकटीनं लिहिते आहे, यांना वाचून दाखवलेलं नाही.

टीव्हीवर दिसलेली भेग भूकंपाची नाही. बोअरची आहे. ती दाखवली मी, आणि जुनी आहे हे वेळेवर सांगितलं नाही ती चूकही माझी. त्याची माफी मागते.

पण भेग जुनी म्हणून घर बिनधोक आहे, असंही मी आता लिहिणार नाही. त्या खोलीवर दीड हात माती आहे. ते टीव्हीनं दाखवलं नाही, आम्हालाही माहीत नव्हतं, आमच्या आत्याबाईंनी सांगितलं. त्या खोलीत सुषमाला ठेवणार नाही. पुढं पत्र्याची खोली केली आहे, बाज विणून झाली. माळवदाची माती उन्हाळ्याआधी उतरवतो आहोत. जमीन पुन्हा हलणार नाही, हे माझ्या हातात नाही, त्याचा शब्द देत नाही. पत्र्याखाली तिच्या पायथ्याशी आत्याबाई आणि उशाशी मी असू, एवढाच शब्द देते.

तुम्ही नाही म्हणालात तर त्यात तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या जिवाची काळजी तुम्हालाही आहे, ते कळतं. तिला काय वाटतं तेही एकदा, टीव्ही बंद करून, शेजारी बसवून विचारा.

डिंकाचे लाडू झाले आहेत, डब्यात भरलेत. पाठवणार असाल तर दिवस कळवा, म्हणजे हे घ्यायला निघतील. पाठवणार नसाल तर डबा घेऊन मीच येते, तिथं चार दिवस राहीन, जागा नसली तर स्वयंपाकघरात निजेन. दोन्हीपैकी काय ते फोनवर नको. कार्डावर दोन ओळी लिहा आणि उलट टपालानं धाडा, मी वाट बघते."