रंग वाळेपर्यंत

ठमे,

मी धाकट्या आजीकडे निघालेय. उद्या संध्याकाळपर्यंत घर तुझं. तुझे आईबाबा येईपर्यंत तुझ्यावर नजर ठेवायचं मी कबूल केलंय, तेव्हा आईचा फोन आला तर आजी बाथरूममध्ये आहे म्हण. पुन्हा आला तरी तेच सांग. माझं वय झालंय, तिला पटेल. दूध तापत ठेवून मोबाइल घेऊन बसू नकोस.

आम्ही दोघी बहिणी तुझ्याएवढ्या होतो, तेव्हा एका उन्हाळ्यात आमचे आईबाबाही घर आमच्यावर सोपवून गेले होते. त्यांना चकित करायचं म्हणून आम्ही स्वयंपाकघराची जमीन रंगवायला घेतली, तीही दारापासून! मग काय, रंग वाळेपर्यंत दोघी ओट्यावर अडकलो. साखरेचा डबा फस्त केला आणि पोट दुखेपर्यंत हसलो.

हल्ली धाकटीला घरातली माणसंसुद्धा ओळखू येत नाहीत. पण आज सकाळी तिनं फोन करून मला विचारलं, "ताई, वाळली का गं जमीन?"

मी म्हटलं, "नाही अजून. सरक जरा, मी येते बसायला."

साखरेचा डबा नेलाय. चहा बिनसाखरेचा पी.

आजी