वस्तू घरातच हाय

२ जून, सोमवार
महिनाअखेर आमच्या कंटेनर यार्डात सिस्टीम इनचार्जची जागा परमनंट होणार. एकच जागा. मी किंवा प्राप्ती. मी चौदा वर्षं जुना, ती दोन वर्षांपूर्वी लागलेली पोरगी. म्हणजे मीच. संकल्प: तिला 'काका' बंद करून 'सर' म्हणायला लावणे.
नव्या मशीनवर 'गेटयादी' टाकली. कंटेनरची रोजची यादी काढणारा छोटा प्रोग्रॅम. नाव टाईप करा, एंटर मारा, यादी हजर. टाकून झाल्यावर पिवळ्या अक्षरांत दोन इंग्रजी ओळी आल्या. पिवळं म्हणजे जाहिरात. वाचल्या नाहीत.

३ जून, सकाळी ९.१०
नाव टाईप केलं. मशीन म्हणतं, कमांड नॉट फाउंड. परत इन्स्टॉल केली. मशीन म्हणतं, ऑलरेडी आहे. परत एंटर. नॉट फाउंड. मशीन खोटारडं निघालं.
यादी हाताने. ट्रेलरची रांग पुलापर्यंत.

५ जून
सातव्यांदा इन्स्टॉल. अनीश सर, आमचे मॅनेजर, दोनदा डोकावले. डीप लेव्हलचा प्रॉब्लेम आहे म्हणून सांगितलं. इम्प्रेस झाले असावेत.
प्राप्तीने विचारलं, काका, पिवळ्या ओळींत काय होतं? परत काका! तिला म्हटलं, तू चहा सांग.
घरी क्रांती म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. बायकोला कॉम्प्युटरमधलं काय कळणार!

८ जून, रविवार. म्हसळा
गावी येऊन देवाला कौल लावला. कमांड म्हणजे काय, हे भागोजी गुरवाला सांगण्यात अर्धा तास गेला. शेवटी म्हटलं, हरवलेली वस्तू समज. देवाला लावलेली उजवी कळी पडली, म्हणजे शुभ कौल. भागोजी म्हणाला, वस्तू घरातच हाय, भायेर न्हाय गेली.
अंगावर काटा आला. घरातच! म्हणजे घरभेदी! मशीनला हात लावणारे ऑफिसात दोघंच. त्यातला एक मी.

९ जून
अनीश सरांना मेल: परमनंट जागेसाठी प्राप्तीने कमांड डिलीट केली. पुरावा म्हणून 'खात्रीलायक सूत्र' लिहिलं. देवाचं नाव घातलं नाही.

११ जून
प्राप्तीला काढलं. रडली. दिवेआगरच्या वाडीतल्या पोफळी वादळात गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालतं म्हणे. घरोघरी मातीच्या चुली. जाताना माझ्या हातात चिठ्ठी दिली. माफीच मागितली असणार. ड्रॉवरमध्ये टाकली, सवडीने वाचू.
इन्स्टॉल: अकरावी वेळ.

१६ जून
स्टेपलर शोधताना चिठ्ठी अनीश सरांना सापडली. सगळ्यांसमोर वाचली. काका, गेटयादी मशीनवरच आहे. मशीन कमांड काही ठराविक फोल्डरांतच शोधतं, आणि ही दुसऱ्याच फोल्डरात बसली आहे. पिवळ्या ओळींत तेच लिहिलं होतं. खालचा पूर्ण पत्ता टाईप करा, चालेल.
सरांनी पत्ता टाईप केला. यादी तीन सेकंदांत आली. मीही पाहिली. चांगली आली होती.
कोणी, कधी इन्स्टॉल केलं हेही मशीन लिहून ठेवतं, हे मला माहीत नव्हतं. अकरा वेळा माझं नाव. मग सरांनी सूत्राचं नाव विचारलं. सांगितलं. कुणी हसलंसुद्धा नाही. सर एवढंच म्हणाले, देव बरोबर बोलला.
आणि माझ्यासमोरच प्राप्तीला फोन लावला.

१ जुलै
गेट नंबर दोन. केबिन नाही, एक छत्री आहे. ट्रेलरचे नंबर वहीत लिहितो. हात बसला की बरं जमेल.
सव्वानऊला सिस्टीम इनचार्ज आल्या. नियमाप्रमाणे आयकार्ड मागितलं, वहीत नाव लिहिलं: प्राप्ती. काहीतरी लागट बोलेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. ती म्हणाली, सर, जरा आत सरकून बसा, भिजताय. आणि निघून गेली.
काका म्हणाली असती तर बरं झालं असतं.