आईच्या ताटाचा रक्तगट

जळोची, बारामती
दि. १६ फेब्रुवारी १९९९

चि. मानसिंग यास,
आशीर्वाद. ‘अनेक’ हा शब्द या खेपेला मुद्दाम गाळला आहे.

परवा, रविवार दि. १४ रोजी, दुपारी पाऊण वाजता तू आपल्या आईच्या पुढ्यातली, मी वाढलेली मटणाच्या रश्श्याची वाटी उचललीस. तिनं भाकरी कुस्करून घास केला होता, तो हातातच राहिला. कारण काय, तर महिन्यापूर्वीच्या रक्ततपासणी शिबिरातल्या कार्डावर तिचा रक्तगट ‘ए’ निघाला आणि ‘ए’वाल्यांना मटण आणि दूध वर्ज्य! तू स्वतः ‘ओ’. म्हणून तिची वाटी तुझ्या ताटात रिकामी झाली. शास्त्र मोठं सोयीचं निवडलंस बाबा.

तिच्यापुढं काय आलं? उकडलेला भोपळा आणि सोयाबीनच्या वड्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं त्या चावायच्या कशा, हे तुझ्या त्या शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं का? कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला ताटात अन्न टाकू नये एवढंच नव्हे, दुसऱ्याच्या ताटाला हात लावू नये हेही शिकवलं. तुला अंथुर्ण्याच्या शाळेत हा धडा नव्हता वाटतं.

आईला सोबत आणलं ते तुला न विचारता. एसटीत चढताना तिला भोवळ आली. उद्या दवाखान्यात नेते आहे.

भावजयीला, चंद्रेला आशीर्वाद. तुझ्या वाटणीचा लोभ तूर्त फडताळात ठेवला आहे.

तुझी,
द्वारकाआक्का


अंथुर्णे, ता. इंदापूर
दि. २० फेब्रुवारी १९९९

ती. आक्का यांस,
मानसिंगचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. आईचं वाईट व्हावं असं मला वाटेल का? माझे गुडघे किती दुखायचे ते तू पाहिलं आहेस. गटाप्रमाणे खायला लागल्यापासून मी पुन्हा सायकल मारतो. माळेगावच्या कारखान्यातले बापूसाहेब तर पित्ताच्या गोळ्या फेकून मोकळे झाले. अमेरिकेतल्या पुस्तकावरून काढलेलं हे शास्त्र आहे, कुणा भगताचा अंगारा नव्हे. ‘ए’ गटाचे पूर्वज शेतकरी होते, त्यामुळे त्यांच्या आतड्याला मांस पचत नाही. आई हलकी झाली आहे हे तूही पाहिलंस. तो गुणच आहे.

तू शिकलेली, म्हणून जास्त लिहीत नाही. आईला लवकर आणून सोड. तोवर दूध मात्र देऊ नकोस.

लहान भावावर राग धरशील, पण माया सोडू नकोस.

तुझा,
मानसिंग


अंथुर्णे
दि. १ मार्च १९९९

ती. वन्सं यांस,
चंद्राबाईचा नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड आलं. आत्याबाईंच्या अंगात रगत कमी हाय आन् दवाखान्यात गट ‘बी’ निघाला, हे वाचलं. वन्सं, चूक माजी हाय. शिबिरात आत्याबाईंच्या बोटाला दोनदा सुई टोचली तरी थेंब येईना, जन्मभर विळा धरून बोटं घट्ट झाल्याली. मागं रांग, तपासणारा वरडाय लागला. मग मी माजंच दुसरं बोट पुढं केलं. मला वाटलं, एका चुलीचं खातो, मग रगत काय निराळं असणार हाय? ह्यांना आज सांगितलं. रागावतील वाटलं, तर हसाय लागले. का हसले ते न्हाय कळलं.

आत्याबाईंची शेळी रोज दावणीतनं वाट बघत ऱ्हाती. त्यांना म्हणावं, मी चुकले, पर तुमी घरी या.

पायाची धूळ,
चंद्राबाई


अंथुर्णे
दि. ४ मार्च १९९९

ती. आक्का, सा. न. वि. वि.
चंद्रेनं सगळं सांगितलं. म्हणजे शास्त्रच जिंकलं की नाही! ‘बी’ म्हणजे मेंढपाळ, आणि आपण तर पिढीजात धनगर. आईला दूध आणि मटण आजपासून चालू कर. फक्त कोंबडी, शेंगदाणे आणि तीळ कायमचे बंद. मी तसा तक्ता करून भिंतीला लावला आहे.
तुझा, मानसिंग


जळोची, बारामती
दि. ७ मार्च १९९९

मानसिंग,
आशीर्वाद शिल्लक असतील तर शोधून पाठवीन.

आई ‘बी’, तू ‘ओ’, मी ‘एबी’. तुझ्या पुस्तकाप्रमाणे एकाच पालात आई मेंढ्या राखत होती, तू शिकार करत होतास आणि मी कोण होते ते अमेरिकेलाच ठाऊक. आपले आबा मेंढ्या घेऊन कोकणात उतरायचे, तेव्हा मिळेल ते खायचे आणि नव्वदी गाठून गेले. त्यांना तक्ता दाखवायला कुणी नव्हतं, हे त्यांचं नशीब.

महिनाभर आई चंद्रेच्या रक्ताप्रमाणे जेवली, आणि त्यालाच तू गुण आला म्हणत होतास! ती हलकी झाली ती उपाशी राहून. तुझे गुडघे बरे झाले ते पोट उतरल्यानं, कारण तू भज्यांच्या गाड्यावर जाणं सोडलंस. चंद्रेवर आवाज चढवलास तर गाठ माझ्याशी आहे. एका चुलीचं खाणाऱ्यांचं रक्त एक, हा तिचा सिद्धांत तुझ्या पुस्तकाहून शहाणा आहे. निदान त्यात माणसं एकत्र जेवतात.

तुझं पोस्टकार्ड आईला वाचून दाखवलं. शेंगदाण्याची चटणी भाकरीवर घेत ती म्हणाली, रगत बघून वाढायचं तर डासालाच बसवा म्हणावं पंगतीला. रोज सकाळी ती लुगड्याचं बोचकं बांधते, संध्याकाळी सोडते. मी विचारलं, घरी जायचं का? म्हणाली, जायचं हाय गं, पर त्यो ताट वढील.

हे तुझ्या आईचं तुझ्याबद्दलचं मत. तुझ्या भिंतीवर लावायचं तर ते लाव.

तेव्हा, तक्ता काढून चुलीत घातला आणि आईच्या ताटाला यापुढे हात लावणार नाही, असं स्वतःच्या हातानं लिहून, सही करून पाठव. निरोप नको, बापूसाहेबांच्या घरून फोन नको. तुझं लेखी उत्तर सोमवार, १५ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. मी ते आईला मोठ्यानं वाचून दाखवीन. त्या दिवशी बोचकं सोडायचं की एसटीत चढवायचं, ते ती ठरवील.

द्वारका