साळुबाईचं विमान आणि गावाची सावड

पिंपरी पेंढार,
माघ महिना, सन २००७

रा. रा. गोरखराव मेहुणे यांस, तुमचे दाजी सावळाराम यांचा रामराम. इकडं सगळं ठीक आहे, कांदा बरा आहे, म्हैस दूध देते आहे आणि तुमची बहीण साळुबाई इतकी खुशाल आहे की माझी झोप उडाली आहे. तिकडं चिंचवडला तुमच्या कंबरेचं कसं काय ते कळवा. (आधी कंबरेचं विचारा आणि मग भांडा, असं साळुबाईनं बजावलं म्हणून विचारलं.)

तर ते कार्ड. परवाच्या साली भाऊबीजेला तुम्ही पाटावर बसलात आणि बहिणीला सांगून मोकळे झालात की दर साली साडी कशाला, दाजींनी क्रेडिट कार्ड काढलं की पॉइंट साठतील आणि ताई फुकटात विमानानं दिल्लीला जाईल. ओवाळणीच्या ताटापुढं दिलेला शब्द बाई विसरते का राव? रोज दुपारी आपल्या मळ्यावरून पुण्याहून दिल्लीला जाणारं एक विमान जातं. ते आलं की ही खुरपं खाली ठेवते, डोळ्यांवर हात धरते आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहते. (लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याकडं असं कधी बघितलं नाही.) दिल्लीचं तिला काही नाही. आपला मळा वरून कसा दिसतो तेवढंच एकदा बघायचंय म्हणते. म्हणून मी कार्ड काढलं. बँकेतली मुलगी म्हणाली, काका, जितका खर्च तितका फायदा. हे आमच्या म्हाताऱ्यानं ऐकलं असतं तर आसूड काढला असता. पॉइंट म्हणजे पैसे का, तर नाही. मग विमानवाला ते घेतो कसा, तर घेतो. मी मान हलवली आणि घरी आलो.

पण आम्ही खर्च करून करणार किती? वर्ष गेलं तरी पॉइंटात विमानाचं चाकसुद्धा येईना. मग गावातल्या भागूच्या पोरीचा लग्नाचा बस्ता निघाला नारायणगावला. मी म्हणालो, भागू, दुकानात माझं कार्ड घास आणि पैसे रोख माझ्या हातात दे, तुझं काही जात नाही. पुढं राघूची मोटर, सयाजीच्या ठिबकच्या नळ्या, धोंडाबाईचा चष्मा, सगळं माझ्या कार्डावर. गावाला हे समजवायचं कसं, म्हणून मीच शहाणपणा केला आणि म्हणालो, ही सावडच समजा. आता सावड म्हणजे काय ते चिंचवडला राहून तुम्ही विसरला असाल. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, यांना माझ्यासारखंच काही कळलं नाही. पण त्यांना चांगलंच कळलं होतं.

दोन तिकिटांपुरते पॉइंट झाले तसे मी देवळापुढं पेढे वाटले. पेढा तोंडात टाकून जो तो एकच विचारायला लागला, आमची पाळी कधी? मी म्हणालो, अरे, कार्ड माझ्या नावावर आहे. तर राघू म्हणाला, ‘बैल कुनाच्या नावावर हाय ते सावडीत कोन इचारतं, भाऊ?’ मी तडक बँक गाठली. बँकेतल्या मुलीला विचारलं, तर तिनं सावड कुठल्या बँकेची म्हणून विचारलं.

शेवटी सावडीच्या रीतीनं ठरलं की ज्याचं पीक आधी वाळतं त्याची कापणी आधी. म्हणजे धोंडाबाई. वयानं गावात सगळ्यांत मोठी, तोंडात एकही दात नाही. मला वाटलं, वाळलेली म्हटल्यावर म्हातारी चिडेल, तर ती उठून लगेच पिशवी शोधायला लागली. पण माझ्या शेजारी ती बसणार नाही. (तिच्या-माझ्या बांधावरच्या बाभळीचं भांडण तुम्हाला ठाऊक आहे.) तिला सोबत पाहिजे साळूच. झालं, दुसरं तिकीट साळुबाईचं. ज्याच्या नावाचं कार्ड तो म्हशीपाशी. हे सगळं रीतीनंच झालं म्हणतात, पण मी यातून बाहेर कधी पडलो तेच मला कळलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

कंबरेला शेक देत जा.

तुमचा गोंधळलेला
दाजी सावळाराम

ता. क. तुमच्या कार्डावर एका तिकिटापुरते पॉइंट पडून असतील तर बघा. बहिणीला कळवू नका.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत साळुबाईनं वाचलं. ती म्हणते, भावाचे पॉइंट असतील तर ते राघूला, सावड मोडायची नाही. आणि मला म्हणते, तुम्ही मळ्यात उभं राहा, मी वरून बघते, आपला मळा ओळखायला कोणी तरी नको का? हे मात्र मला पटलं. तिचं हिरवं लुगडं गोठ्यावर पसरणार होतो, पण कांद्याच्या पातीत ते दिसायचं नाही, म्हणून लग्नातला लाल फेटा काढून उन्हात घातला आहे. तेव्हा पॉइंटांचं राहू द्या. विमानात डाव्या अंगाला बसलं तर आपला मळा दिसतो का उजव्या, एवढंच नक्की विचारून कळवा. नाहीतर मी भर दुपारी सगळ्या शिवारापुढं फेटा हलवत उभा राहीन आणि माझी बायको पलीकडच्या खिडकीतून येडगावचं धरण बघत निघून जाईल.